परळचं चित्र, पोलादपूरचा माणूस

माणूस आजारी आहे की आळशी, याचा निवाडा आपल्याकडे घरातच होतो. त्याचे शब्दही ठरलेले आहेत: अंगचोर, कामचुकार, सुस्त. पायाला प्लास्टर असलेल्याला हे कुणी म्हणत नाही, तापाने फणफणलेल्यालाही नाही. ज्याचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही त्याच्या वाट्याला हे शब्द येतात, आणि एकदा चिकटले की जन्मभर सुटत नाहीत. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या रुग्णांच्या मेंदूची जी चित्रं गेल्या तीन-साडेतीन दशकांत निरनिराळ्या देशांत काढली गेली, त्यांनी या घरगुती निवाड्यालाच आव्हान दिलं आहे. महाड-पोलादपूरच्या कुठल्या रुग्णाचं असं चित्र निघण्याची शक्यता आज फार थोडी आहे, आणि माझ्या मते ते निघण्याची गरजही नाही. त्या चित्रांतून जे कळलं, ते मात्र या डोंगरांत पोहोचलं पाहिजे. ते पोहोचवायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, हे मला इथे मांडायचं आहे.

आजाराची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण तो ओळखलाच जात नाही. 1909 साली जर्मनीत हान्स श्टाइनर्ट यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॅटन व गिब यांनी त्याचं वर्णन केलं. त्याची खूण मुठीत आहे. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगा आणि मग झटकन उघडायला सांगा. बोटं लगेच सुटत नाहीत, काही सेकंद तशीच आखडून राहतात. कोयत्याची मूठ, कळशीचा काठ, एसटीतला दांडा, जे धरलं ते सोडवत नाही. थंडीत हे वाढतं. प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावांतली पौषातली पहाट अशा माणसाला फार जड जाते. आणि यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी की चार-सहा वेळा उघडझाप केली की मूठ मोकळी होते. स्नायू जणू तापतो आणि चालू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, मघाशी जमत नव्हतं, आता कसं जमलं? म्हणजे सोंगच असणार. आजाराचं लक्षणच रुग्णाच्या विरोधात पुरावा बनतं.

मुठीपाठोपाठ बाकीचं येतं. हातापायांची टोकं, मान, चेहरा आणि जबडा यांचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात, चेहरा लांबट आणि भावशून्य दिसतो. पुरुषांना कपाळावर लवकर टक्कल पडतं. तिशी-चाळिशीत मोतीबिंदू होतो. रक्तातली साखर बिघडू शकते. हृदयाचे ठोके चालवणारी विजेची वाट मंदावते, आणि ती पूर्ण बंद पडली तर माणूस अचानक जातो. शिवाय झोप. जेवल्यावर येते ती झोप नव्हे. रात्रभर झोपूनही दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. आणि झोपेहून अवघड असं एक लक्षण आहे, ज्याला आपल्या बोलीत धड नावही नाही: काही करावंसंच न वाटणं. माणूस उदास असतोच असं नाही. रडत नाही, तक्रारही करत नाही. फक्त उठत नाही. दवाखान्यात त्याच्याबद्दल तक्रार करते ती त्याची बायको. ‘हात दुखतात’ हे तो सांगतो. ‘दिवसभर नुसता बसून असतो’ हे तिला सांगावं लागतं. आणि ही तक्रार डॉक्टर बहुधा कागदावर लिहीत नाहीत, कारण ती आजाराची वाटत नाही, स्वभावाची वाटते.

एका आजारात मूठ, डोळा, हृदय आणि मेंदू हे सगळं कसं सापडतं, याचा उलगडा 1992 नंतर होत गेला. त्या वर्षी एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा दोष सापडला. तिथे सी-टी-जी ही तीन अक्षरं एकापुढे एक लिहिलेली असतात. निरोगी माणसात ती पाच ते सदतीस वेळा येतात. पन्नासच्या वर गेली की आजार संभवतो, आणि काही रुग्णांत ही संख्या हजारांत जाते. जनुकावरून जी आरएनएची प्रत निघते तिच्यातही हा लांबलचक जप उतरतो, आणि ती प्रत पेशीच्या केंद्रकात गोळा होऊन काही महत्त्वाच्या प्रथिनांना पकडून ठेवते. या प्रथिनांचं काम इतर अनेक जनुकांच्या आरएनएची योग्य काटछाट करण्याचं. जिल्हा कचेरीतले अनुभवी कारकून एकाच निरर्थक फायलीत अडकून पडावेत आणि तालुक्या-तालुक्यातली कामं खोळंबावीत, तसं पेशीत घडतं. स्नायूत क्लोराइड वाहून नेणारी वाहिनी नीट बनत नाही, म्हणून मूठ सुटत नाही. इन्शुलिनला प्रतिसाद देणारा भाग नीट बनत नाही, म्हणून साखर बिघडते. मेंदूतल्या चेतापेशींमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाची काटछाट चुकते. दोष एकच आहे, फक्त त्याचा जाब प्रत्येक अवयव वेगळा देतो. हे एकदा समजलं की ‘हा स्नायूंचा आजार आहे, मेंदूचा याच्याशी काय संबंध’ हा प्रश्नच उरत नाही.

अक्षरांची ही माळ पिढीगणिक लांबत जाते. आजोबांना फक्त लवकर मोतीबिंदू झालेला असतो, बापाची मूठ आखडते, आणि नातू जन्मतःच लुळा, दूध ओढायची ताकद नसलेला असतो. तीन पिढ्यांचे तीन आजार आहेत असं घरच्यांना वाटतं, आणि अशा घराबद्दल गावात शापाची, देवाच्या कोपाची भाषा सुरू होते. इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जन्मतः दिसणारा तीव्र प्रकार जवळजवळ नेहमी आईकडून येतो, आणि त्या आईला आपल्याला काही आजार आहे हे तोपर्यंत ठाऊकही नसतं. बाळाचं निदान अनेकदा आईच्या मुठीवरून होतं. निदान व्हायला हवंच. पण ‘आईकडून आलं’ हे वाक्य आपल्या घरांत कसं वापरलं जातं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी ते उच्चारताना पुढचं वाक्यही त्याच दमात सांगायला हवं: तिलाही ते तिच्या आईकडून किंवा बापाकडून आलेलं असतं, आणि तीही रुग्ण आहे.

आता चित्रांकडे येतो. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळवतो. मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज घेतो हे मोजता आलं, तर कुठे काम जोरात चाललंय आणि कुठे मंदावलंय याचा अंदाज येतो. शास्त्रज्ञ लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक युक्ती काढली. ग्लुकोजसारखाच दिसणारा, पण किंचित बदललेला रेणू दिला तर पेशी त्याला आत घेते, पहिली प्रक्रिया करते, आणि पुढे तो तिला पचवता येत नाही. तो तिथेच अडकतो. या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलं की तो कुठे किती अडकला ते बाहेरून टिपता येतं. पेट स्कॅनचा पाया हाच.

1976 मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा माणसाला टोचला गेला तो फिलाडेल्फियात, पण तो बनला होता लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. विमानाने नेला, कारण या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य सुमारे 110 मिनिटांचं. दर 110 मिनिटांनी तो निम्मा होतो. भारतात अशी सोय पहिल्यांदा झाली 2002 मध्ये, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये; टाटा रुग्णालयाच्या जोडीने चालणाऱ्या त्या केंद्रात फ्लोरिन तयार करणारं सायक्लोट्रॉन आणि ते टिपणारं यंत्र दोन्ही बसलं. आज मुंबई-पुण्यात अशी यंत्रं बरीच आहेत, आणि बहुतांश कर्करोगाच्या तपासणीसाठी वापरली जातात. त्यात गैर काही नाही. पण परळहून निघालेली कुपी महामार्गाने महाडला यायला चार तास लागले, तर पोहोचेपर्यंत पाव हिस्साही उरलेला नसतो. पुण्याहून वरंध घाटाने यावं तर पावसाळ्यात तो घाट बंद असतो. ज्या महामार्गावरचा सावित्रीचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गाड्यांसकट वाहून गेला, त्या रस्त्याच्या भरवशावर तासांत विरून जाणारं औषध मागवावं असं कुणी म्हणणार नाही. रुग्णाने परळला जावं, हाच एक मार्ग. आणि तिथे गेला तरी या आजारासाठी हा स्कॅन नेहमीच्या उपचारांचा भाग नाही, संशोधनाचा भाग आहे.

तर या संशोधनाने काय दाखवलं? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णांचे मेंदू असे तपासले. निष्कर्षांचा सूर पुष्कळसा एक आहे: मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, ग्लुकोजचा वापर निरोगी माणसांपेक्षा कमी. काही अभ्यासांत कानशिलामागच्या भागातही. एमआरआयमध्ये याच रुग्णांच्या मेंदूतल्या पांढऱ्या पदार्थात, म्हणजे जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, बिघाड दिसतो. कपाळामागचा भाग काय करतो हे सांगितलं की मुद्दा स्वच्छ होतो. बेत आखणं, सुरुवात करणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, आपल्यात काय बिघडलंय हे स्वतःच्या लक्षात येणं, हे सगळं त्याच्या भरवशावर चालतं. हातपाय हलवण्याची आज्ञा मेंदूच्या दुसऱ्या भागातून सुटते. पण ‘आता उठू या’ हे ठरतं इथे. जो माणूस ‘उठत नाही’ म्हणून घरात बोलणी खातो, त्याच्या मेंदूचा उठायचं ठरवणारा भागच कमी ऊर्जेवर चालत असण्याची दाट शक्यता आहे.

ही गोष्ट ऐकून पहिला मोह होतो तो असा: मग प्रत्येकाचा स्कॅन काढा, निळा-पिवळा कागद घरच्यांसमोर ठेवा आणि माणसाला निर्दोष ठरवा. या मोहाला माझा ठाम विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही.

एक तर ही चित्रं गटाची आहेत. वीस-पंचवीस रुग्णांची सरासरी निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडून ती बनतात. एकट्या माणसाच्या चित्रावरून त्याचा उत्साह मोजता येत नाही. दुसरं, रंग मेंदूचे नसतात, संगणकाने दिलेले असतात. कुठला आकडा लाल दाखवायचा आणि कुठला निळा, हे माणसांनी ठरवलेलं असतं. तिसरं, मेंदूची साल थोडी आक्रसलेली असेल तर यंत्राच्या मर्यादेमुळेही तिथला आकडा कमी येतो. चौथं, रुग्ण स्कॅनच्या वेळी पेंगत असेल तर? पेंगणं हे तर या आजाराचं लक्षणच आहे. म्हणजे कमी ऊर्जा हे कारण आहे, परिणाम आहे की दोन्ही, हे एका चित्रातून सुटत नाही. शास्त्रज्ञांनी या अडचणी लपवलेल्या नाहीत. त्यांनी आकसलेल्या सालीचा हिशेब वेगळा करून पाहिला, आणि तरीही पुढच्या भागातली घट बरीचशी उरते असं अनेकांना आढळलं. पण चित्राला प्रमाणपत्राचं रूप द्यायला एवढं पुरत नाही.

आणि खरी भीती वेगळीच आहे. एकदा चित्र हा पुरावा ठरला की ज्याचं चित्र ठीक येईल त्याचं काय? त्याला आता घरच नव्हे, यंत्रही आळशी ठरवेल. आज निदान बायकोच्या मनात शंका असते. तेव्हा तीही उरणार नाही. ज्या समाजाला शेजारच्या माणसाच्या दुखण्यावर विश्वास ठेवायला किरणोत्सारी फ्लोरिन लागतं, त्याला फ्लोरिन देऊन उपयोग नाही. चित्रांचा उपयोग आहे तो सगळ्या रुग्णांसाठी मिळून: या आजारात मेंदू सामील असतो, हे एकदा पक्कं ठरवण्यापुरता. ते ठरलं आहे. यापुढे प्रत्येकाने आपापला पुरावा घेऊन यावा, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

शाळेत हाच अन्याय दुसऱ्या स्नायुविकारात होतो, ड्युशेनच्या. हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतो, आणि दहा-बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणं थांबतं. फ्रान्समधले डॉक्टर ड्युशेन यांनी 1860 च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की यातली काही मुलं बुद्धीनेही मागे दिसतात. ते निरीक्षण पुढे शतकभर ‘आजारी मूल, शाळा बुडते, मग मागे पडणारच’ या सोप्या स्पष्टीकरणाखाली दबून राहिलं. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते तपासलं गेलं पाहिजे होतं. तपासण्याची पद्धतही साधी होती: स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीची मुलंही तितकीच दुबळी असतात, तीही चाकाच्या खुर्चीत असतात, त्यांचीही शाळा बुडते, पण त्यांची बुद्धी सर्वसाधारण, कधी सरस असते. म्हणजे दुबळेपणा हे कारण नव्हे.

ज्याच्या अभावाने ड्युशेन होतो ते डिस्ट्रोफिन हे प्रथिन 1987 मध्ये सापडलं, आणि ते स्नायूंप्रमाणेच मेंदूतही असतं हे कळलं. त्याची काही आखूड रूपं तर मुख्यतः मेंदूसाठीच बनतात. जनुकाच्या ज्या टोकाला ती रूपं लिहिलेली आहेत तिथे दोष असेल, तर बौद्धिक अडचणी जास्त दिसतात. 2002 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या गटाने ड्युशेनच्या मुलांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. कानशिलाच्या आतल्या बाजूला, जिथे आठवणी घडतात, आणि छोट्या मेंदूत ग्लुकोजचा वापर कमी होता. निरोगी मेंदूत डिस्ट्रोफिन ज्या भागांत भरपूर आढळतं, त्यांत हे भाग येतात. जुळणी लक्षणीय आहे. स्नायू दरवर्षी ढासळत जातात, पण या मुलांच्या बौद्धिक अडचणी तशा वाढत जात नाहीत. त्या सुरुवातीपासून तिथेच असतात. सरासरी बुद्ध्यांक शंभरऐवजी पंचाऐंशीच्या आसपास येतो. कित्येक मुलं हुशार असतात, काहींना मतिमंदत्व असतं. सगळ्यांत समान अशी अडचण सापडली ती ऐकलेलं तात्पुरतं डोक्यात धरून ठेवण्याची.

ती अडचण वर्गात कशी दिसते? पोलादपूरच्या डोंगरातली जिल्हा परिषदेची शाळा घ्या, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. ते तिसरीला सांगतात: गणिताची वही काढा, कालचं पान उघडा, तिसरं उदाहरण खोडून परत करा आणि झालं की हात वर करा. ड्युशेनचा मुलगा वही काढतो आणि थांबतो. पुढचं निसटलेलं असतं. शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. आई म्हणते, घरीही असंच करतो. मुलगा म्हणतो काहीच नाही, कारण नेमकं काय निसटलं ते त्यालाही सांगता येत नाही. हीच सूचना चार तुकड्यांत दिली, किंवा फळ्यावर लिहिली, तर तो ती पार पाडतो. एवढं एक शिक्षकाला सांगायला लागतात पाच मिनिटं. पण ते सांगणार कोण? मुलाला तपासणारा डॉक्टर त्याच्या पोटऱ्यांकडे बघतो, शिक्षक त्याच्या वहीकडे बघतात, आणि दोघांची गाठ पडत नाही.

ज्ञान मोठ्या शहरातल्या यंत्रात तयार होतं आणि तालुक्याने ते फक्त घ्यायचं, असा समज महाडने तरी करून घेऊ नये. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर दगावत होती. पुस्तकात त्यावर काही नव्हतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारठा, फुप्फुसात भरणारं पाणी हे तासातासाला टिपलं. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ने छापली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचूदंशावर त्यांनी वापरलं, आणि सुमारे चाळीस टक्क्यांवरचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. जगभरचे डॉक्टर ते वापरतात. हे सगळं घडलं ते जिथे विंचू चावत होता तिथे, रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ आणि वही यांच्या जोरावर.

स्नायुविकारातल्या मेंदूला हीच पद्धत लागू पडते. मूठ आवळून उघडायला सांगायला काही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी निघतो, आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णाचा तो दरवर्षी काढला तर ठोक्यांची मंदावणारी वाट वेळेत दिसते आणि पेसमेकरने जीव वाचू शकतो. कोकणात डोळ्यांची शिबिरं भरतात. पस्तिशीतल्या माणसाच्या भिंगात रंगीबेरंगी ठिपके दिसले, तर मोतीबिंदू काढण्याआधी त्याची मूठ बघावी, एवढं शिबिरातल्या डॉक्टरांना माहीत असलं तर अख्खं कुटुंब सापडेल. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्याला या आजाराची कल्पना नसली, तर भुलीची काही औषधं या रुग्णांना जिवावर बेततात. तेव्हा मुठीचा प्रश्न तिथेही विचारला गेला पाहिजे. आणि या सगळ्यांत एक प्रश्न घरच्यांना, रुग्णाच्या देखत, शांतपणे विचारायचा: दिवसभरात हा स्वतःहून काय सुरू करतो? या उत्तराची वही पाच वर्षं ठेवली, तर तीही संशोधन आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की जिथे सर्पदंश, अपघात, बाळंतपणं यांनाच डॉक्टर पुरत नाहीत, तिथे दुर्मीळ आजाराचं काय घेऊन बसलात? दुर्मीळ हा शब्द माणसांच्या हिशेबात खरा आहे, घरांच्या हिशेबात नाही. हजारो माणसांत एक, पण त्या एकाच्या घरात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, त्याच्या भावंडांना, मुंबईत चाकरीला गेलेल्या आणि तिथे ‘कामात ढिला’ म्हणून नोकरी गमावलेल्या भावालाही. एक निदान म्हणजे एका भावकीचं निदान. शिवाय मी जे मागतो आहे ते नव्या डॉक्टरचं पद नाही. आहेत त्या हातांना एक जास्तीची खूण माहीत असणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ‘मेंदूच असा आहे’ म्हटलं की माणूस संपला. मग त्याला कुणी उठवणारच नाही, आणि तोही प्रयत्न सोडेल. आळशी म्हटलं की किमान धक्का तरी बसतो. या आक्षेपाला उत्तर 2018 मध्ये मिळालं. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटन या चार देशांत मिळून मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या 255 अतिशय थकलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दहा महिने समुपदेशन दिलं: झोपेची वेळ बांधणं, दिवसाची आखणी, छोट्या कामाने सुरुवात, घरच्यांना सामील करून घेणं, जमेल त्यांना बेताचा व्यायाम. ज्यांना हे मिळालं त्यांची हालचाल आणि कामाची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा वाढली. तीही मेंदूला सामील करणाऱ्या याच आजाराची माणसं होती. म्हणजे मेंदू सामील आहे हे मान्य करणं आणि प्रयत्न करणं यांत विरोध नाही. उलट धक्क्याने जे झालं नाही ते बाहेरून मिळालेल्या बांधणीने झालं, कारण ज्याच्या मेंदूला सुरुवात करणं जड जातं त्याला सुरुवात बाहेरून करून द्यावी लागते. सकाळी सहाला गोठ्यात सोबत जाणारा भाऊ हा इथे उपचार आहे. ‘उठ की, किती वेळ’ असं दारातून ओरडणारा भाऊ उपचार नाही, जरी दोघांची माया सारखीच असली तरी.

शेवटी कायदा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आला तेव्हा त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव घातलं गेलं, आणि ही मोठी मिळकत होती; त्याआधी ही माणसं कुठल्या रकान्यात बसवायची हाच प्रश्न असे. पण कायद्याच्या परिशिष्टातली व्याख्या वाचा. ती हालचाल करवणारे स्नायू, स्नायूंची प्रथिनं आणि स्नायूंच्या पेशींचा ऱ्हास एवढंच बोलते. हृदय नाही, झोप नाही, मेंदू नाही. आजार शारीरिक दिव्यांगत्वात, हालचालीच्या गटात बसवला आहे. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी आलेल्याची ताकद मोजली जाते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीचा माणूस मूठ सैल होईपर्यंत थांबतो, चार पावलं चालून दाखवतो आणि सवलतींसाठी लागणाऱ्या चाळीस टक्क्यांच्या खाली भरतो. ज्यामुळे त्याची नोकरी गेली ते मोजलंच जात नाही. ड्युशेनच्या मुलाला अध्ययन अक्षमतेची सवलत हवी तर तो वेगळा अर्ज, वेगळी तपासणी, आणि तोवर चालणं थांबलेल्या मुलाला पाठुंगळी घेऊन घाट उतरणारा बाप.

ही व्याख्या दगडावरची रेघ नाही. त्याच कायद्याच्या नव्व्याण्णवाव्या कलमाने परिशिष्ट अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. आणि तशी शिफारस राज्य सरकार करू शकतं. महाराष्ट्राने ती करावी. तीत एवढंच म्हणावं की या आजारांत हृदय, झोप आणि मेंदूचं काम बाधित होऊ शकतं, आणि दिव्यांगत्व ठरवताना त्यांचीही तपासणी व्हावी, घरच्यांचं आणि शिक्षकांचं म्हणणं नोंदवून. स्कॅनची अट मात्र त्यात कुठेही नसावी.